टेसाच्या दिवशी ‘डोनर बॅकअप’वर सही मागतायत. काय करू?

कुर्लेकरीण

अस्सलाम अलैकुम, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांबणार आहे. वेळ असेल त्यांनीच वाचा.

आम्ही कोकणी मुसलमान, गाव महाड तालुक्यात, राहायला कुर्ल्यात. माझी शाळा मराठी, म्हणून इथेच लिहितेय. उर्दू वाचते, पण असले विषय उर्दूत लिहायला बसले की हात अडतो.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. पहिली कित्येक वर्षं सगळं माझ्याच अंगावर होतं. माहीमचा दर्गा झाला, हकीम झाला, गावाकडच्या एका बाईकडून पोट चोळून घेणं झालं. माझ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत मावत नाहीत. नवऱ्याची एक साधी सिमेनची तपासणी करावी हे मात्र कुणाला सुचलं नाही. तो कुवेतला. सुट्टीवर आलेल्या कमावत्या माणसाला हे सांगणार कोण? आता तो कायमचा परत आलाय. तपासणी केली, रिपोर्टवर ‘निल’. दुसऱ्या लॅबमध्ये केली, तिथेही निल. अझूस्पर्मिया, म्हणजे वीर्यात स्पर्मच नाहीत.

त्याने रिपोर्ट घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि संध्याकाळी स्वतःच्या अम्मीला सांगितलं, ‘हिच्यात काही नाही, माझ्यात आहे.’ एवढं बोलणारे पुरुष मी आमच्या खानदानात तरी पाहिले नाहीत.

डॉक्टर बाई आहेत, त्यामुळे माझ्या तपासण्यांचा प्रश्न नाही. त्या म्हणाल्या, टेसा करून बघू. म्हणजे भूल देऊन सुईने अंडकोषातूनच स्पर्म काढायचे, आणि मिळाले तर इक्सी, एकेक स्पर्म एकेका एगमध्ये टोचायचा. आमचं दोघांचं ठरलेलं आहे. त्याचं बीज, माझं बीज, माझंच पोट आणि निकाह शाबूत, इथपर्यंत जायचं. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना नवऱ्याने विचारलं. त्यांनीही फार चर्चा केली नाही. जायझ आहे, फक्त अदलाबदल होऊ देऊ नका म्हणाले.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात सह्या करायला बोलावलं. काउन्सेलर पोरगी गोड बोलणारी. एकामागून एक कागद पुढे सरकवत होती, सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. इंजेक्शनांची संमती, भुलीची संमती, फ्रीझिंगची संमती. मध्येच एक कागद ‘डोनर सिमेन बॅकअप’ असा. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही मॅडम, त्या दिवशी सरांचं काही मिळालं नाही तर तुमचे एग्ज वाया जायला नकोत ना. सगळेच सही करतात. नाही लागलं तर वापरणार नाहीच.’

नवऱ्याच्या हातात पेन होतं. त्याला तोही फ्रीझिंगचाच कागद वाटला होता. मी हात धरला.

आम्हाला हे चालणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग डॉक्टर सायकल सुरू करतील की नाही माहीत नाही, पॅकेजचा रेट महिनाअखेरपर्यंतच आहे, घरी जाऊन विचार करा. म्हणजे मला भूल दिलेली, नवऱ्याला भूल दिलेली, आत लॅबमध्ये काय मिळालं काय नाही ते आम्हाला ठाऊक नाही, आणि आमच्या सहीच्या जोरावर तिसऱ्याच कुणाचं बीज माझ्या एगमध्ये! त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच फाइलमध्ये आणखी एक पान होतं. उरलेल्या एम्ब्रियोंचं काय करायचं ते विचारणारं: पुढे फ्रीझ ठेवा, संशोधनाला द्या, दुसऱ्या जोडप्याला द्या, नष्ट करा. चौकोनात टिक करायची, विजेच्या मीटरचा अर्ज भरावा तशी. तेही कोरंच ठेवलंय.

घरात वेगळीच तऱ्हा. सासूला ‘डोनर’ कळलं आणि ती दोन दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणते, परका कशाला, धाकटा आहे ना, घरातलंच रक्त. धाकटा म्हणजे माझा दीर! त्याच्यासमोर मी डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय जात नाही, आणि हिचं हे. ती वाईट बाई नाही. पोरासाठी तळमळतेय, आणि पोराची अब्रूही झाकायचीय तिला. पण मला काय उत्तर द्यावं सुचेना.

शेवटचं, पैसे. क्लिनिकवाले ईएमआय देतायत. व्याजाचं घ्यायचं नाही असं नवऱ्याचं पक्कं. कुणाला दुसरी वाट माहीत असेल तर सांगा.

‘मूल अल्लाहच्या हातात, सब्र करा’ हे कृपा करून लिहू नका. ते मला माहीत आहे आणि तेही चालूच आहे.

परळची लॅबवाली

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, परळकडच्या एका सेंटरमध्ये. धर्मातलं मला कळत नाही, लॅबमधलं सांगते.

सही करू नका. तुमच्या दोघांच्या लेखी संमतीशिवाय डोनर वापरणं हा गुन्हा आहे. २०२१ चा एआरटी कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. आणि ‘सगळेच करतात’ हे खोटं आहे. आमच्याकडे मुस्लिम जोडपी नाही म्हणतात, मारवाडी जोडपी नाही म्हणतात, परवा एक कऱ्हाडे ब्राह्मण नाही म्हणाले. क्लिनिकला बॅकअप हवासा वाटतो कारण सायकल रद्द झाली की पेशंट चिडतो आणि त्यांचे आकडेही बिघडतात. त्या मुलीला दोष देणार नाही, तिला तसंच शिकवलेलं असतं.

आता पर्याय. तुमच्या डॉक्टरांनी हे आधी का सांगितलं नाही कळत नाही.

एक वाट अशी की टेसा आधी करा, तुमची इंजेक्शनं नंतर. मिळाले तर स्पर्म फ्रीझ करायचे आणि मग तुमची सायकल निवांत सुरू करायची. नाही मिळाले तर तुम्ही एकही सुई टोचून घेतलेली नसते, पैसेही वाचतात. यात एक धोका आहे. फारच थोडे मिळाले तर त्यातले काही वितळवताना टिकत नाहीत, म्हणून काही डॉक्टर ताजेच हवेत म्हणतात.

दुसरी वाट म्हणजे दोन्ही एकाच दिवशी, पण बॅकअपच्या कागदाऐवजी ‘स्पर्म न मिळाल्यास सर्व एग्ज फ्रीझ करावेत’ असं लिहून घ्या. एग्ज फ्रीझ करण्याचं तंत्र आता चांगलं बसलेलं आहे. वाया काही जात नाही. नंतर मायक्रो-टेसे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली शोधण्याचं ऑपरेशन, करून पुन्हा शोधता येतं.

त्याआधी एक विचारते. यांचा एफएसएच (रक्तातला एक हार्मोन) किती आहे? कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) आणि वाय क्रोमोसोमची मायक्रोडिलीशन तपासणी झाली का? नसेल तर ती आधी. स्पर्म तयार होतायत पण नळी बंद आहे, असं असेल तर सुईनेच मिळण्याची शक्यता खूप चांगली. तयारच होत नसतील तर मायक्रोस्कोपखाली शोधूनही साधारण निम्म्या पुरुषांतच मिळतात. आणि वाय क्रोमोसोमचे काही ठरावीक तुकडेच नसतील तर मिळत नाहीत म्हणून सर्जन हातही लावत नाहीत. हे कळल्याशिवाय तारीख घेऊ नका.

अदलाबदलीबद्दल इमामसाहेबांनी सांगितलं ते बरोबरच. चांगल्या लॅबमध्ये प्रत्येक डिशवर, प्रत्येक नळीवर दोघांची नावं आणि नंबर असतो. एक जण काम करतो, दुसरा बघतो, दोघं सह्या करतात. काही ठिकाणी आता मशीनच चिप वाचून ओरडतं. मुंबईत एकाच सकाळी दोन शेख, दोन पाटील टेबलावर असतात, त्यामुळे नावावर कुणी जातच नाही. तुम्ही सरळ विचारा, ‘डबल विटनेसिंग करता का, मला रेकॉर्ड दाखवाल का?’ विचारल्याचा राग आला तर ती लॅब सोडा.

दिराचं म्हणाल तर ते कायद्यातच बसत नाही. डोनर नोंदणीकृत बँकेकडूनच येतो आणि तो कोण हे जोडप्याला सांगत नाहीत. सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पुरे.

खाडीपट्ट्याची आपा

व अलैकुम अस्सलाम, बाय. तुझं माहेर आमच्याच बाजूचं दिसतंय.

मी जोगेश्वरीत मुलींना दीनियात शिकवते आणि या रस्त्याने स्वतःही गेले आहे. मुफ्ती नाही, तेव्हा शेवटचा शब्द आपल्या शाफई पंथाच्या आलिमांचा (धर्मपंडितांचा) घ्या. पण जे पक्कं ठाऊक आहे ते लिहिते.

लोकांना वाटतं टेस्ट ट्यूब आली आणि मग मौलवी घाबरून विचार करायला लागले. तसं नाही. नवऱ्याचं बीज संबंधाशिवाय बायकोच्या शरीरात पोचलं तर नसब (वंश) कुणाचा, इद्दत (निकाह संपल्यावर बाईने थांबायचा काळ) बसते का, याची चर्चा आपल्या शाफई फिक्हच्या (धर्मकायद्याच्या) जुन्या किताबांत शेकडो वर्षांपूर्वीची आहे. आणि तिथेही बीज हलाल नात्यातलं आहे की नाही यावरच सगळं फिरतं. म्हणून मशीन नवीन असलं तरी प्रश्न आलिमांना अनोळखी नव्हता.

शेख जाद अल-हक तेव्हा इजिप्तचे मुफ्ती होते, पुढे अल-अझहरचे शेख झाले. त्यांचा फतवा मार्च १९८० चा. इंग्लंडात पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं १९७८ साली, त्यानंतर दोन वर्षांच्या आत. त्यांनी सांगितलं ते आजही बहुतेक सुन्नी आलिम सांगतात: नवरा-बायकोचंच असेल, वैद्यकीय गरज असेल तर जायझ, तिसऱ्याचं बीज, अंडं, गर्भाशय काहीही आलं तर हराम. १९८६ च्या ऑक्टोबरात अम्मानला आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमी बसली. तिने सात पद्धती समोर ठेवल्या, पाच नाकारल्या, दोन ठेवल्या. एक म्हणजे बाहेर फलन करून बायकोच्याच पोटात ठेवणं, दुसरी म्हणजे नवऱ्याचं बीज सरळ बायकोत सोडणं. तुझं इक्सी पहिल्यात बसतं. टेसा करून काढलं म्हणून बीज परकं होत नाही. उलट डॉक्टरांना द्यायचा सॅम्पल कसा काढायचा हा जो दुसऱ्या जोडप्यांचा अवघड प्रश्न असतो, तो तुम्हाला नाहीच.

काही देवबंदी मुफ्ती याहून कडक आहेत. त्यांचं म्हणणं, मूल नसणं हा जिवावरचा आजार नाही, त्यासाठी परक्यासमोर सतर (झाकायचं अंग) उघडणं जायझ कसं? यावरच डॉक्टर बाई असण्यावर इतका भर असतो. तुमच्याकडे ती आहेच.

आता बॅकअप. तो कागद म्हणजे ‘नाही मिळालं तर हराम चालेल’ असं आधीच लिहून देणं. वापरलं नाही तरी मी सही केली नसती. तू हात धरलास ते बरं केलंस.

उरलेल्या एम्ब्रियोंचं. १९९० मध्ये जिद्दाच्या बैठकीत ठराव झाला, की मुळात गरजेपुरतेच एग्ज फलित करावेत. तरी उरलेच तर वैद्यकीय देखभाल थांबवून त्यांना आपोआप संपू द्यावं. दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवणं अजिबात नाही. म्हणजे ‘दुसऱ्या जोडप्याला द्या’ हा चौकोन तुमच्यासाठी नाहीच. फ्रीझ करून स्वतःच पुढे वापरणं बरेच आलिम चालवून घेतात, अट एवढीच की निकाह टिकलेला असावा. तलाक झाला किंवा नवरा गेला तर ते एम्ब्रियो बायकोला वापरता येत नाहीत. हे ऐकायला कठीण आहे, पण सही करतानाच माहीत असावं.

सासूसाठी. दीर नामहरम, म्हणजे ज्याच्यासमोर पडदा लागतो असा पुरुष. निकाह चालू असताना त्याचं बीज तुझ्या पोटात? हे कुठल्याही मसलकात (पंथात) बसत नाही. त्यांना ‘घरातलं रक्त’ वाटतं, पण मुलाचा बाप कोण, वारस कोण, हे सगळं गढूळ होतं. सूरह अहजाबमध्ये मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा म्हटलंय ते याचसाठी. तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे. सुनेच्या तोंडून हे ऐकलं तर त्या ते कधी विसरणार नाहीत.

बोरिवली फास्ट

राग मानू नका, मी हिंदू आहे, पण याच वाटेने गेले आहे आणि डोनर घेतला. मुलगी आता शाळेत जाते. तिच्या बाबांना सोडून कुणाकडे झोपत नाही. कायद्याने ती आमचीच आहे. डोनरचा काही हक्क नाही, कुणाला काही कळत नाही. इतकी वर्षं त्रास काढल्यावर एका पेशीसाठी अडून बसायचं हे मला खरंच समजत नाही. तुमच्या देवाला मूल नको असेल असं वाटत नाही.

खाडीपट्ट्याची आपा

ताई, तुमच्या लेकीला दुवा. खरंच.

कायद्याचं तुमचं बरोबर, डोनरचं मूल जोडप्याचंच धरतात. पण आमच्यात प्रश्न पेशीचा नाही, नात्यांचा आहे. कुणाशी निकाह होऊ शकत नाही, कुणासमोर पडदा नाही, बाप गेला तर हिस्सा किती, हे सगळं नसबवर ठरतं. ‘कुणाला कळत नाही’ हीच तर आमच्यासाठी मोठी अडचण. उद्या त्या डोनरच्या दुसऱ्या मुलाशी लग्न ठरलं तर? आता एका डोनरचं एकाच जोडप्याला असा नियम आहे, बरं आहे, पण त्याची स्वतःची मुलं असू शकतातच ना. मुलाचा यात काही गुन्हा नाही, हेही आलिम सांगतात. तुम्ही तुमच्या समजुतीने वागलात, ही तिच्या समजुतीने वागतेय.

बोरिवली फास्ट

ठीक आहे. लग्नाचा मुद्दा मी कधी असा बघितला नव्हता. तरी मला पटलेलं नाही हे सांगून ठेवते. पण तो बॅकअपचा कागद न समजावता पुढे सरकवणं चुकीचंच, मग तुम्ही कुणीही असा.

डोंगरीवाला

आम्ही शिया, घरात गुजराती, शाळा गिरगावात मराठी. एवढंच सांगायला आलो की उद्या कुणी मोबाइलवर ‘इस्लाममध्ये डोनर चालतो’ असं दाखवेल, तर ते कुठून आलंय ते ठाऊक असू द्या. ते इराणचं. खामेनेईंनी १९९९ मध्ये डोनरला परवानगी देणारा फतवा दिला, २००३ मध्ये तिथल्या संसदेने भ्रूणदानाचा कायदा केला. तेहरानच्या क्लिनिकांत आखातातून लोक जातात. पण तिथेही नसब बीजवाल्याकडेच जातो, मूल वाढवणाऱ्याकडे नाही. आणि सगळे शिया खामेनेईंचे मुकल्लिद (त्यांचे फतवे मानणारे) नाहीत. आमच्या इमामवाड्यात बहुतेक घरं इराकच्या आयतुल्ला सिस्तानी साहेबांची तकलीद करतात, आणि त्यांच्याकडे परक्या पुरुषाचं बीज जायझ नाही. आमच्यात यावरून एकाच घरात दोन मतं असतात, दस्तरख्वानावर वाद होतात. तुम्ही सुन्नी शाफई, तुम्हाला याचा उपयोग नाही, पण गोंधळ तरी नको.

दापोली ते दुबई

ईएमआयचं सांगतो. ‘नो कॉस्ट’ म्हणतात त्यात बऱ्याचदा व्याज दुकानदार भरतो किंवा सवलतीतून वळतं करतात, पण करार बँकेशी व्याजाचाच असतो. कागद मागवून घ्या आणि मौलानांना दाखवा. त्यापेक्षा आपल्या गावच्या जमातीला (गावकऱ्यांच्या संस्थेला) विचारा. मुंबईत जवळजवळ प्रत्येक कोकणी गावाची जमात आहे, कर्जे-हसना (बिनव्याजी कर्ज) देणाऱ्याही आहेत. फक्त कारण सांगावं लागतं, आणि नेमकं तेच नवऱ्याला जड जाईल. आम्ही ‘ऑपरेशन’ म्हणून सांगितलं. टेसा ऑपरेशनच आहे, खोटं काही नाही. उरलेलं बायकोच्या बांगड्यांतून.

आमचं झालं नाही. हे घाबरवायला लिहीत नाही, फक्त पुढचीही एक वाट असते म्हणून लिहितो. लांबच्या नात्यातली एक मुलगी घेतली. दत्तक म्हटलं की लोक ‘आपल्यात चालत नाही’ म्हणतात. नाव बदलून तिचा बाप पुसणं चालत नाही, सांभाळणं चालतं, त्याचा सवाबही (पुण्यही) मोठा. आम्ही १८९० च्या गार्डियन कायद्याने गेलो. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, पण मग कागदावर बाप म्हणून माझं नाव येतं. ते मला नको होतं.

मुलगी वयात आल्यावर माझ्यापासून पडदा करेल ही भीती होती. त्यावर आमच्या मौलानांनीच मार्ग सांगितला. माझी सख्खी बहीण तेव्हा स्वतःच्या बाळाला पाजत होती. तिने हिलाही पोटभर पाजलं, शाफईत पाच वेळा लागतं, आणि तेही मूल दोन वर्षांच्या आत असताना. म्हणजे बहीण तिची दूधआई, मी दूधमामा. महरम, म्हणजे पडद्याची गरज नाही. बहीण गोरेगावहून रोज लोकलने यायची, आपलं बाळ कडेवर, आणि दारातूनच ओरडायची, ‘आण तुझ्या भाचीला.’ मुलगा घेतलात तर उलट लागतं, तुमच्या बहिणीने पाजायला हवं. तेव्हा ज्याच्या घरी पाजणारी आहे त्याने याचा विचार वेळेत करावा.

कुर्लेकरीण

सगळ्यांचे आभार. बोरिवलीच्या ताई, तुमचाही राग नाही.

काल नवरा आणि मी दोघं थेट डॉक्टरांना भेटलो, काउन्सेलरला मध्ये न घेता. लॅबवाल्या ताईंनी लिहिलेलं मी चिठ्ठीवर उतरवून नेलं होतं. वाय क्रोमोसोमची तपासणी झालेलीच नव्हती! रक्त देऊन आलो. एफएसएच नॉर्मल आहे, त्या म्हणाल्या हे चांगलं लक्षण, नळीतच अडथळा असण्याची शक्यता. रिपोर्ट ठीक आला तर टेसा आधी, माझी इंजेक्शनं नंतर. ‘तुम्हाला डोनर नको हे आधी सांगायचं ना’ म्हणाल्या. मी म्हटलं, विचारलं कुणी?

सासूला नवऱ्याने सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, दार बंद होतं. बाहेर आली ती मला म्हणाली, धाकट्याला यातलं काही कळता कामा नये. बस, तेवढ्यावर विषय संपला.

जमातीत विचारणार आहोत, ऑपरेशन म्हणूनच.

दोन गोष्टी राहिल्या. आपा, सायकल रमजानात आली तर रोज्याचं काय? आणि लॅबवाल्या ताई, गरजेपुरतेच एग्ज फलित करा असं सांगता येतं का? की ते आमच्या हातात नसतं?

खाडीपट्ट्याची आपा

पोटातलं किंवा दंडातलं इंजेक्शन रोजा मोडत नाही असं बहुतेक आलिम सांगतात. आतून होणारी सोनोग्राफी मात्र आपल्याकडे रोजा मोडते, तेव्हा त्या दिवशीचा कजा (नंतरचा बदली रोजा) ठेव. सकाळची वेळ असते आणि टाळता येत नाही, म्हणून त्या दिवशी मनाला लावून घेऊ नकोस. एग काढायच्या दिवशी भूल असते, त्यानंतर अशक्तपणा, तेव्हा आजारी माणसाची सवलत आहेच, ती कुरआनातच आहे. कजा पुढे सवडीने, हिवाळ्यात ठेव, दिवस लहान असतो.

परळची लॅबवाली

हातात असतं. सांगितलं तर करतो. उदाहरणार्थ, बारा एग्ज निघाले तर आधी ठरावीकच इक्सीला घ्यायचे आणि बाकी एग म्हणूनच फ्रीझ करायचे. सगळी फलित होत नाहीत, सगळी पाचव्या दिवसापर्यंत पोचतही नाहीत, त्यामुळे फार कमी घेतलेत तर हाती काहीच उरणार नाही. किती घ्यायचे ते डॉक्टरांशी बसून ठरवा. तुमच्या केसमध्ये फ्रीझ केलेले स्पर्म किती आहेत यावरही ते अवलंबून राहील.

आणि त्या चार चौकोनांपैकी कशावरही टिक करायची सक्ती नाही. कायद्याने एम्ब्रियो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, तेही तुम्ही दरवर्षीचे पैसे भरत राहिलात तर. खालच्या मोकळ्या जागेत हाताने लिहा: ‘दुसऱ्या जोडप्यास किंवा संशोधनास देऊ नये. दोघांपैकी एकाचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यास वापरू नये, तसेच संपू द्यावे.’ दोघांच्या सह्या, तारीख, आणि क्लिनिकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. एग फ्रीझिंगचे पैसे पॅकेजात धरलेत की वेगळे, तेही त्याच वेळी लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.